दोन तोळ्यांचा बाण: कंपाउंड धनुष्याचा वेग कसा जुळवावा

५० मीटरवर माझ्या लेकीचे १२ पैकी १० बाण पिवळ्यात गठ्ठ्याने बसत होते आणि दोन बाण दर वेळी खाली जात होते. थोडेसेच खाली, पण दहा गुणांच्या रेषेबाहेर. चार दिवस तिने श्वास बदलून पाहिला, पाय सरकवून पाहिले, रिलीजचा (स्ट्रिंग सोडायच्या हातातल्या यंत्राचा) अंगठा सैल केला. मग तिने बाणांवर नंबर घातले आणि संध्याकाळी म्हणाली, "बाबा, चार नंबर आणि नऊ नंबर. दर वेळी हेच दोन. माझा हात नाही चुकत."

मी साताऱ्यात सराफी करतो. रात्री शटर ओढल्यावर बाराही बाण दुकानातल्या काट्यावर ठेवले. हा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. दहा बाण २३.३२ ते २३.३५ ग्रॅममध्ये आले. चार नंबरचा २३.९८ आणि नऊ नंबरचा २३.९७. फरक ०.६५ ग्रॅमचा. सोन्यात एवढा फरक आला तर मी गिऱ्हाइकासमोर मान वर करू शकणार नाही. बाणात तो आला तर काय होतं, हे त्या रात्री मी कागदावर मांडलं आणि तेव्हापासून तिच्या धनुष्याची मापं मीच सांभाळतो. ज्यांच्या घरात नुकतं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, आलं आहे, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय.

आधी माप समजून घ्या. बाणाचं वजन सगळीकडे ग्रेनमध्ये सांगतात. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ग्रेन हे मूळचं धान्याच्या दाण्यावरून आलेलं वजन, आपली गुंज जशी बीवरून आली तसंच. एका गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन बसतात आणि जुन्या तोळ्यात बरोबर १८०. जुना म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा तोळा, हल्ली बोलण्यात असतो तो १० ग्रॅमचा नव्हे. लेकीचा बाण ३६० ग्रेनचा आहे, म्हणजे नेमका दोन तोळ्यांचा. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण दोन तोळ्यांचं वजन माझ्या तळहाताला ठाऊक आहे. ते दोन बाण १० ग्रेनने जड होते, म्हणजे सव्वापाच गुंजा.

घरी असा काटा नसेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटाही चालतो. नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा, गर्दी नसताना तो दोन मिनिटांत सगळे बाण तोलून देईल. ग्रॅमला ०.०६४८ ने भागलं की ग्रेन मिळतात.

१० ग्रेनने काय बिघडतं

वेग मैदानावर एफपीएसमध्ये बोलतात, म्हणजे सेकंदाला किती फूट. लेकीचं धनुष्य ५० पाउंडांच्या ओढीवर (याला ड्रॉ वेट किंवा पाउंडेज म्हणतात), २७ इंच ड्रॉ लेंथवर (स्ट्रिंग मागे ओढायची लांबी) ३६० ग्रेनचा बाण २५२ एफपीएसने सोडतं. मीटरमध्ये सांगायचं तर सेकंदाला ७६.८. हवेचा अडथळा बाजूला ठेवून हिशोब केला तर ५० मीटर जायला ०.६५ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात बाण नेमाच्या सरळ रेषेपासून २ मीटर ८ सेंटिमीटर खाली येतो. हवा धरली तर आणखी थोडा जास्त. ही सगळी घसरण साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) भरून काढते, पण ती एकाच वेगासाठी. वेग १ एफपीएसने कमी झाला की ५० मीटरवर बाण साधारण १.६ सेंटिमीटर खाली लागतो.

आता वजनाकडे या. या बेताच्या बाणात ३ ते ४ ग्रेन वाढले की १ एफपीएस जातो. १० ग्रेन वाढले म्हणजे जवळजवळ ३ एफपीएस गेले, म्हणजे बाण साडेचार ते पाच सेंटिमीटर खाली. ५० मीटरच्या ८० सेंटिमीटर फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून कड ४ सेंटिमीटरवर. बाण मधोमध नेम धरून, अगदी निर्दोष सोडला तरी तो नऊमध्येच जाणार. पोरगी चार दिवस स्वतःच्या हाताला बोल लावत होती आणि चूक सव्वापाच गुंजांची होती.

चूक कुठे होती तेही सांगतो. बाण तिरंदाजीच्या दुकानातून जोडून आले होते. कार्बन शाफ्टचे (बाणाच्या दांडीचे) स्टीलचे पॉइंट (टोकं) अनेकदा मोडून हलके करता येतात. त्यांच्या शेपटीला खाचा असतात आणि शेपटी शाफ्टच्या आत जाते. आमच्या पॉइंटमध्ये १२० ग्रेनवरून एक तुकडा मोडला की ११० उरतात, आणखी एक मोडला की १००. दहा बाणांत तुकडा मोडून पॉइंट बसवला होता, दोनांत मोडायचा राहून गेला. बाहेरून बाराही बाण सारखे दिसत होते.

दुरुस्ती अशी केली. उकळत्या पाण्यात फक्त पॉइंटकडचं टोक धरलं, गोंद मऊ झाला की पक्कडीने पॉइंट सरळ ओढून काढला, एक तुकडा मोडला आणि परत गरम गोंदाने बसवला. बत्ती माझ्या हाताशी रोज असते, पण ती मी वापरली नाही आणि तुम्हीही गॅसची ज्योत शाफ्टजवळ नेऊ नका. कार्बनचे धागे ज्या रेझिनमध्ये धरलेले असतात ते उष्णतेने जळतं, शाफ्ट आतून कमकुवत होतो आणि सुटताना हाताजवळ फुटू शकतो. पॉइंट बसवल्यावर प्रत्येक शाफ्ट कानाजवळ धरून हलकासा वाकवा. करकर आवाज आला किंवा केसाएवढी चीर दिसली तर तो बाण फेकून द्या, किंमत कितीही असो.

जाहिरातीतला वेग आणि तुमचा वेग

धनुष्य घेताना पेटीवर ३२५ किंवा ३३० एफपीएस लिहिलेलं दिसतं. हा वेग साधारणपणे ७० पाउंड ड्रॉ वेट, ३० इंच ड्रॉ लेंथ आणि ३५० ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो, तोही स्ट्रिंगवर फारसं काही न बांधता. जागतिक तिरंदाजीच्या नियमात कंपाउंडला ६० पाउंडांच्या वर जाताच येत नाही. मग १५-१६ वर्षांच्या मुलीने ३२५ ची अपेक्षा का धरावी?

आमच्या धनुष्यावर ३२५ लिहिलं होतं. तिथून खाली कसे उतरलो पाहा. ड्रॉ लेंथ ३ इंचांनी कमी, दर इंचाला साधारण १० एफपीएस, म्हणजे ३० गेले. पाउंडेज २० ने कमी, दर पाउंडाला दीड ते दोन, म्हणजे ३५ गेले. बाण १० ग्रेनने जड, ३ गेले. पीप (आरपार पाहून नेम धरायचं भोक) आणि डी-लूप (रिलीज अडकवायचा फास) स्ट्रिंगच्या मधोमध असतात, त्यांचे ५ गेले. उरले २५२. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजलं तेव्हा तेवढेच आले. हे आकडे ठोकताळे आहेत, प्रत्येक कॅमचा (धनुष्याच्या टोकाच्या चाकाचा) स्वभाव निराळा असतो. पण असा हिशोब एकदा मांडला की धनुष्य खराब निघालं, फसवलं गेलो, ही भीती जाते.

यात ड्रॉ लेंथचा वाटा एवढा मोठा का? बाणाला ढकलणारं अंतर म्हणजे पूर्ण ओढलेल्या जागेपासून स्ट्रिंग विसावते त्या जागेपर्यंतचं. २७ इंच ड्रॉ लेंथमधून १.७५ इंच वजा करायचे, कारण ते मापाच्या पद्धतीत ग्रिपच्या पुढचे धरलेले असतात. मग ७ इंचांची ब्रेस हाइट (विसावलेली स्ट्रिंग ग्रिपपासून जेवढी दूर असते ते अंतर) वजा केली की १८.२५ इंच उरतात. तेवढ्याच अंतरात सगळी शक्ती बाणात भरायची. त्यात एक इंच वाढवला तर तो भर वजनातला इंच असतो, कारण कंपाउंडचा कॅम ओढ बराच वेळ शिखरावर धरून ठेवतो. अमेरिकेत मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये धनुष्याच्या टोकांना चाकं लावली आणि १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्या चाकांचं मर्म हेच आहे: मधल्या टप्प्यात भरपूर ओढ आणि शेवटी, नेम धरताना, हलका हात.

पहिलं काम: ड्रॉ लेंथ

ती वेगासाठी ठरवायची नसते, शरीराला जुळेल तेवढीच ठेवायची. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. लेकीचं अंतर १७० सेंटिमीटर, म्हणजे ६६.९ इंच. भागल्यावर २६.८ आले. ही सुरुवात झाली, शेवटचा निकाल नव्हे. अंतिम आकडा आरशात किंवा बाजूने काढलेल्या व्हिडिओत दिसतो.

आमचं पहिलं धनुष्य २८ इंचांवर लावून मिळालं होतं. उंची वाढतेय, पुढे उपयोगी पडेल, असं सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा घेतात, धनुष्य तसं घेता येत नाही. ती पूर्ण ओढायची तेव्हा स्ट्रिंगचा हात कानाच्या मागे जायचा, छाती मागे कलायची आणि धनुष्याकडचा खांदा वर यायचा. स्ट्रिंग नाकाच्या टोकाला लागण्याऐवजी गालात रुतायची. अशी लक्षणं दिसली की ड्रॉ लेंथ जास्त आहे असं समजा. उलट कोपर बाहेर राहत असेल, मान पुढे झुकत असेल, तर ती कमी आहे.

एक इंच कमी केल्यावर आमचे ९ एफपीएस गेले. मला तेव्हा ते सोन्यातल्या घटीसारखं लागलं होतं. पण दोन आठवड्यांत तिचा ५० मीटरवरचा ग्रुप ताटाएवढा होता तो वाटीएवढा झाला, आणि त्या ९ एफपीएसचं नाव मी परत काढलं नाही.

बदल कसा करायचा ते तुमच्या कॅमवर अवलंबून आहे. काहींत कॅमवरचं मॉड्यूल फिरवून अर्ध्या इंचाच्या टप्प्याने जाता येतं, काहींत मॉड्यूलच बदलावं लागतं. मॉड्यूल किंवा ड्रॉ स्टॉपचे स्क्रू वर आणि खाली एकाच खुणेवर असले पाहिजेत. स्ट्रिंग किंवा केबल काढायची वेळ आली तर बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) हात लावू नका. ताणलेल्या लिंबांमध्ये (लिंब म्हणजे धनुष्याचे वाकणारे वरचे-खालचे हात) हाड मोडण्याएवढी शक्ती असते.

आणि हे काम आधी करण्याचं आणखी एक कारण: ड्रॉ लेंथ बदलली की शिखराचं वजनही पाउंड-दोन पाउंडांनी हलतं. म्हणून पाउंडेज नंतर मोजायचं.

दुसरं काम: पाउंडेज

लिंब बोल्ट एलन कीने फिरवायचे. आधी तुमच्या धनुष्यात लिंब पॉकेटचा लॉक स्क्रू आहे का ते पाहा, असेल तर तो सैल करा. मग वरचा आणि खालचा बोल्ट पूर्ण आत आवळून घ्या आणि तिथून मोजून बाहेर सोडा. दोन्हीकडे सारखेच फेरे. एका पूर्ण फेऱ्याला साधारण २ ते ३ पाउंड हलतात. बोल्टच्या डोक्यावर मार्करने एक रेघ मारली की अर्धा आणि पाव फेराही चुकत नाही. कंपनीने जास्तीत जास्त किती फेरे सोडता येतात ते पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापलीकडे गेलात तर बोल्टची पकड सुटू शकते, म्हणून ती मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शेवटी बो स्केलने (ओढ मोजायच्या काट्याने) खरं वजन मोजा. फेऱ्यांवरून केलेला अंदाज वजन नव्हे.

किती पाउंड ठेवायचे? माझी कसोटी अशी. स्टुलावर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून थोडे उचला, बाण लावून धनुष्य टार्गेटच्या दिशेने समोर धरा आणि सरळ मागे ओढा. धनुष्य आभाळाकडे उचलावं लागलं किंवा अंग पिळावं लागलं, तर पाउंडेज जास्त आहे. ही कसोटी सरावाच्या सुरुवातीला नाही, शेवटी घ्या. स्पर्धेच्या पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात, शिवाय आधीचे सरावाचे. सामन्यात पुन्हा १५ बाण, तीन-तीनचे पाच एंड. पहिल्या बाणाला कोणालाही ५५ पाउंड ओढता येतात. साठाव्या बाणाला खांदा काय म्हणतो ते महत्त्वाचं. वाढत्या वयाच्या मुलांच्या खांद्याशी तर अजिबात खेळू नका. आम्ही ४६ वरून ५० ला यायला आठ महिने घेतले, दर वेळी अर्धा फेरा.

लेट-ऑफबद्दल, म्हणजे शेवटी ओढ जेवढी हलकी होते त्याबद्दल, गैरसमज फार आहे. ५० पाउंड आणि ८० टक्के लेट-ऑफ म्हणजे शेवटी हातात १० पाउंड उरतात. हात हलका पडतो म्हणून मुलं वर पाउंडेज चढवत जातात, पण १० पर्यंत पोचायला ५० चा डोंगर दर वेळी चढावाच लागतो. आणि हातातलं वजन फार कमी असेल तर बोटं सुस्त होतात, स्ट्रिंग नकळत पुढे सरकते. लक्ष्यावर मारणारे बरेच जण म्हणूनच थोडा कमी लेट-ऑफ पसंत करतात. लेकीला ७५ टक्के मानवला.

तिसरं काम: बाणाचं वजन

बाणाचं वजन म्हणजे सगळ्या भागांची बेरीज. आमचा हिशोब असा: २६.५ इंचाचा शाफ्ट, इंचाला ८ ग्रेन, म्हणजे २१२. पॉइंट ११०. नॉक (स्ट्रिंगवर बसणारी मागची खाच) आणि त्याची पिन १५. तीन व्हेन (पिसं) प्रत्येकी ६, म्हणजे १८. रॅप (शाफ्टवरचं वेष्टन) आणि गोंद मिळून ५. एकूण ३६०.

खालची मर्यादा आधी लक्षात घ्या. बाण पाउंडामागे ५ ग्रेनपेक्षा हलका असता कामा नये. ५० पाउंडाला २५० ग्रेन. काही कंपन्या याहून जास्त मागतात, त्यांचंच ऐका. कारण सरळ आहे. लिंबांतली शक्ती बाणाने उचलून न्यायची असते. बाण फार हलका असेल तर उरलेली शक्ती स्ट्रिंग, केबल आणि लिंबांवरच आपटते. बाणच नसेल तर सगळीच आपटते. त्याला ड्राय फायर म्हणतात आणि एका ड्राय फायरमध्ये लिंब चिरू शकतात, कॅम वाकू शकतो. घरात पाहुणे आले की कोणीतरी "बघू जरा" म्हणून धनुष्य ओढतं. आमच्या घरात बाण लावल्याशिवाय स्ट्रिंगला कोणी बोट लावायचं नाही, हा नियम पाहुण्यांनाही आहे.

वरच्या बाजूला मात्र निवडीला वाव आहे. आम्ही एकाच धनुष्यावर तीन वजनांचे बाण मोजले. ३२० ग्रेनचा बाण २६४ एफपीएसने गेला, ३६० चा २५२ ने, ४१० चा २३९ ने. आता ऊर्जा काढा: ग्रेनमधलं वजन गुणिले वेग गुणिले वेग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडांत येतं. तिन्हींचे आले ४९.५, ५०.८ आणि ५२. धनुष्य तेच, ओढ तीच, तरी जड बाणाने जास्त ऊर्जा नेली. बाणाबरोबर स्ट्रिंग आणि कॅमलाही धावावं लागतं. बाण जड असला की सगळं सावकाश धावतं आणि धावणाऱ्या स्ट्रिंगमध्ये अडकणारा वाटा कमी होतो. हे हाताला जाणवतंही. ३२० चा बाण सुटला की धनुष्य टणकन वाजायचं आणि ग्रिपमध्ये झिणझिण उरायची. ४१० ला नुसता दबका ठप आवाज.

मग ४१० च का नाही घेतला? कारण वेगाचेही खरे फायदे आहेत आणि ते नाकारू नयेत. पहिला फायदा साइटचा. वेग कमी असला की ५० मीटरसाठी साइट खाली आणावी लागते, आणि कमी पाउंडेजच्या मुलांची ती इतकी खाली येते की बाणाचं पीस स्कोपला (साइटच्या भिंगाला) घासतं. दुसरा फायदा चुका पोटात घालण्याचा. २५२ एफपीएसला १ एफपीएसच्या फरकाने १.६ सेंटिमीटर बिघडतात, तर २८० ला १.२ च. म्हणजे ज्याचं धनुष्य मंद, त्याने बाण जास्त काटेकोर तोलले पाहिजेत. मैदानावर उलटं दिसतं, मोठी मुलं बाण तोलतात आणि लहानांना उरलेसुरले बाण मिळतात. लहानांचेच आधी तोला.

आम्ही ३६० वर थांबलो ते वाऱ्यामुळे. अजिंक्यताऱ्याच्या बाजूने वारा उतरतो तेव्हा ३२० चा बाण डावीउजवीकडे जास्त पसरत होता आणि तिची ओढ जराशी कच्ची पडली तर तो लगेच दाखवत होता. ४१० ला साइट अगदी तळाला गेली. मधला बाण शांत होता.

एक सावधगिरी: वजन बदलताना स्पाइन बदलतो. स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठपणा. २८ इंचांवर आधार देऊन मध्ये १.९४ पाउंड टांगले की शाफ्ट किती वाकतो, तो आकडा. ५०० चा शाफ्ट अर्धा इंच वाकतो, ४०० चा त्याहून ताठ. पॉइंट जड केला, शाफ्ट लांब ठेवला किंवा पाउंडेज वाढवलं, की तोच शाफ्ट सुटताना मऊ वागतो. म्हणून पॉइंट बदलला की कागदातून बाण मारून फाट पाहा. गोल भोक आणि तीन पिसांच्या रेघा दिसल्या की जमलं. नुसता वेग वाढला म्हणून हरखून जाऊ नका.

शेवटी क्रोनोग्राफ

अकादमीत असेल तर मागून घ्या. धनुष्यापासून साधारण मीटरभर पुढे ठेवा आणि दर वेळी तेच अंतर. काही क्रोनोग्राफ ट्यूबलाइट-एलईडीच्या लुकलुकीने गोंधळतात, म्हणून दिवसाच्या सावलीत मोजलेलं बरं.

मोजण्याची माझी रीत दोन फेऱ्यांची आहे. पहिल्या फेरीत एकच बाण दहा वेळा मारायचा. यात वेग हलला तर तो तिरंदाजाचा. दुसऱ्या फेरीत सगळे बाण एकेकदा. यात जो बाण वेगळा पडला तो काट्यावर ठेवायचा. ही विभागणी केली नाही तर माणसाची चूक बाणावर आणि बाणाची माणसावर जाते, जशी आमच्याकडे चार दिवस गेली.

पहिल्यांदा एकाच बाणाचे तिचे आकडे २४७ ते २५२ आले होते. पाच एफपीएसचा फरक म्हणजे ५० मीटरवर ८ सेंटिमीटर, नऊची कड. बाण तोच, धनुष्य तेच. व्हिडिओ हळू करून पाहिला तेव्हा कळलं, की नेम धरताना स्ट्रिंग वॉलवरून दोन-तीन सुतं पुढे येत होती. पूर्ण ओढल्यावर कॅमचा जो टणक शेवट लागतो ती वॉल. पाठीच्या जोराने त्यावर टेकून राहायचं, सुटेपर्यंत. महिनाभर तिने १० मीटरवरून, फेस न लावता, फक्त तेवढंच केलं. आता एका बाणाचे दहा आकडे २५१ ते २५३ मध्ये येतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने १७ व्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५०. या आकड्यांकडे आता मी सराफाच्या नजरेने पाहतो. १५ बाण, ५० मीटर, आणि जवळजवळ सगळे ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात. म्हणजे बाणाबाणांतला वेग, हाताची ओढ आणि वजन, सगळ्यांतले फरक मिळूनही मध्यापासून चार सेंटिमीटरच्या आत राहिले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र संघ प्रकार पहिल्यांदा येतोय, आणि मैदानावरची मुलं हल्ली दुसरं काही बोलतच नाहीत.

आमच्या वहीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक ओळ लिहिली जाते: ड्रॉ लेंथ, वर-खालच्या बोल्टचे फेरे, बो स्केलवरचं वजन, ब्रेस हाइट, एका बाणाचे दहा वेग. उन्हाळ्यात धनुष्य बंद गाडीत राहिलं तर स्ट्रिंग ताणते, पीप फिरतो, पाउंडेज हलतं, आणि हे सगळं वहीत आधी दिसतं, फेसवर नंतर. बाण तोलून प्रत्येकाच्या रॅपवर बारीक अक्षरात ग्रेन लिहितो. एकमेकांपासून १ ग्रेनच्या आत असलेले स्पर्धेच्या भात्यात, दोनच्या आतले सरावाला, त्याबाहेरचे दुरुस्तीला.

चार आणि नऊ नंबर परत भात्यात आलेत, दोन्ही २३.३३. काल सहा नवे शाफ्ट आले. पॉइंट अजून बसवलेले नाहीत, ते सुटेच द्यायला त्या दुकानाला सांगितलं होतं. सगळ्या शेपट्या आधी मोडून, सहाही पॉइंट सुटे तोलून मगच गोंद गरम करणार आहे.